वायरलेसचे बटण दाबण्यापूर्वी



हंगामात फडातला चिटबॉय, गट ऑफिस, वजनकाटा आणि गव्हाण यांच्यात दिवसभर निरोप चालतात. मोबाईल घरोघर आले, तरी ओढ्याकाठच्या फडात रेंज मिळेलच असे नाही. शिवाय एकच निरोप दहा जणांना एकदम द्यायचा तर हातातला वायरलेस सेट, म्हणजे वॉकीटॉकी, अजूनही कामाला येतो. काही सभासद स्वतःच्या शेतासाठीही असे सेट घेतात. सेट वापरायला सोपा, म्हणून तो कोणी शिकून घेत नाही. पण चुकीच्या जागी दाबलेले बटण किंवा अर्धवट ऐकलेला निरोप माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

याचे धडे घ्यायचे तर उरण तालुक्याकडे पाहावे. आपल्या राज्यातली बरीच साखर कंटेनरमध्ये भरून परदेशी जाते, ती याच तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरातून. हे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. करंजाचे कोळी बांधव याच किनाऱ्यावरून मासेमारीला निघतात. आणि मुंबई हायचे तेल व वायू समुद्रातल्या नळांतून ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात येतात. बंदर, मासेमारी आणि वायू या तिन्ही कामांत वायरलेस लागतो, पण तिन्हीकडची शिस्त वेगळी आहे.

पहिला धडा वायूचा. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या या प्रकल्पात आग लागून चार जणांचा बळी गेला. त्यांत औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशामक जवानही होते. ती आग सेटमुळे लागली असे आम्हाला म्हणायचे नाही. पण अशा जागी ठिणगी म्हणजे काय, हे त्यावरून कळते. साध्या सेटमध्ये बॅटरी काढता-घालताना किंवा संपर्क सैल झाला तर बारीक ठिणगी पडू शकते. म्हणून तेल-वायूच्या धोक्याच्या आवारात खास बनावटीचे, ‘इंट्रिन्सिकली सेफ’ असा दाखला असलेले सेटच वापरायचे असतात. त्यांत आतली वीज इतकी मर्यादित ठेवलेली असते की वायू पेटेल एवढी ठिणगी होत नाही. धोक्याच्या जागी वापरायच्या उपकरणांना मंजुरी देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

हे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण साखर कारखान्यांच्या आसवनीत इथेनॉल तयार होते. हवेत त्याची वाफ सुमारे सव्वातीन टक्के झाली की ती पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, गटारात साचून राहते. तेव्हा टँकर भरण्याची जागा व साठवण टाक्यांजवळ फडातला साधा सेट नेऊ नये. मोबाईलही नेऊ नये. दाखल्याचा सेट असला तरी त्याची बॅटरी तिथे बदलू नये. ती बाहेर येऊनच बदलावी.

दुसरा धडा समुद्राचा. सागरी वायरलेसवर १६ नंबरचा चॅनल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा हाक मारण्यासाठी व संकटासाठी राखलेला आहे. तिथे गप्पा मारायच्या नाहीत. वॉकीटॉकीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. आपण बटण दाबून बसलो की त्या चॅनलवर बाकीच्यांची वाट बंद. फडात कोणाला साप चावला, ट्रॉली उलटली, तर त्या माणसाची हाक आपल्या गप्पांमुळे अडायला नको.

तिसरा धडा बंदराचा. उंच क्रेनवरच्या माणसाला खालचे सगळे दिसत नाही. तो ऐकलेल्या शब्दावर भार हलवतो. म्हणून शब्द पुरता पोचला पाहिजे. आपल्या मराठीत नकार शेवटी येतो. ‘गाडी सोडू नका’ म्हणताना बटण लवकर सुटले, तर पलीकडे नुसते ‘गाडी सोडू’ ऐकू जाते. त्यापेक्षा ‘थांबा, गाडी थांबवा’ असे म्हणावे. बटण दाबून एक क्षण थांबावे, मग बोलावे, आणि वाक्य संपल्यावरच बटण सोडावे. आकडे सुटे सांगावेत. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत गफलत होते, ‘पाच नऊ’ मध्ये होत नाही. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवावा. ‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला, ‘आऊट’ म्हणजे बोलणे संपले. दोन्ही एकदम म्हणण्यात अर्थ नाही.

फडातल्या वापरासाठी थोडे. उभ्या, ओल्या उसात सेटचा आवाका कमी होतो. बांधावर किंवा उंचवट्यावर येऊन, एरियल उभा धरून बोलावे. एरियल धरून सेट उचलू नये. बोलताना सेट तोंडापासून दोन-तीन बोटे दूर असावा, एरियल अंगाला वा डोळ्याला लागू नये. ट्रॅक्टर चालवताना सेट हातात घेऊ नये. आधी गाडी बाजूला थांबवावी. विजा कडाडत असतील तर उघड्या रानात उंचावर उभे राहून बोलणे नको. फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये.

शेवटी परवान्याचे. २०१८ च्या केंद्रीय नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या सेटना परवाना माफ केला आहे. बाजारात मिळणारे जास्त शक्तीचे, कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर लागणारे सेट या सवलतीत बसत नाहीत. असा सेट पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या बोलण्यातही अडथळा आणू शकतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. सेट घेताना फ्रिक्वेन्सी व मंजुरीचा दाखला पाहूनच पैसे द्यावेत.

तरी सर्व सभासदांनी घरातली मुले, ड्रायव्हर व टोळीचे मुकादम यांना हे वाचून दाखवावे, आणि आपण कुठे उभे आहोत हे पाहूनच बटणाला बोट लावावे, ही विनंती.