नगरच्या निजामशाहीचं बंदर कुठे होतं? उत्तर रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आहे!

अलिबागचा प्लॅन बहुतेकांचा ठरलेला असतो. बीच, मासे, फोटो आणि परत. पण तुम्ही नगर-भिंगारकडून जात असाल, तर अलिबागच्या पुढे साधारण १७ किलोमीटरवर रेवदंड्याला थांबाच. अडीचशेहून जास्त किलोमीटर दूरच्या या किनाऱ्याशी तुमच्या शहराचं जुनं नातं आहे.

नातं काय?

मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी फौजेला हरवलं आणि १४९४ मध्ये जुन्या भिंगारशेजारी अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर वसवायला घेतलं. राजधानी घाटावर असली तरी राज्याला समुद्र हवाच होता. घोडदळासाठी चांगले घोडे अरबस्तान-इराणकडून जहाजाने येत. त्यासाठी निजामशाहीकडे बंदर होतं चौल. रेवदंडा त्याला लागूनच आहे.

चौल किती जुनं?

निजामशाहीच्या कितीतरी आधीचं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात उल्लेख असलेलं ‘सेमिला’ बंदर म्हणजे चौल, असं मानलं जातं. रशियन व्यापारी अफनासी निकितिन वास्को द गामाच्या आधी इथे उतरला होता.

मग पोर्तुगीज कसे आले?

१५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने चौलजवळ पोर्तुगीजांना हरवलं. तरीही १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने त्यांना रेवदंड्याला किल्ला बांधू दिला. व्यापार चालावा, घोडे येत राहावेत, हा हिशोब. तो महागात पडला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने अनेक महिने वेढा घातला, पण किल्ला काही मिळाला नाही. १५९४ मध्ये खाडीपलीकडचं कोर्लईही गेलं. अखेर १७४० मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांना इथून घालवलं.

आज काय बघाल?

रेवदंडा गाव तटबंदीच्या आतच वसलंय. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये पडकी चर्च आणि सातखणी बुरूज दिसतो. सात मजल्यांवरून हे नाव पडलं, आता त्यातले थोडेच उरलेत. तटाबाहेर लगेच वाळू. कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली आजही बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजारभर, म्हणजे ही बोली किल्ल्यापेक्षाही नाजूक आहे.

जाताना लक्षात ठेवा

खाडीच्या मुखाजवळ पोहायला उतरू नका, ओहोटीला पाणी आत ओढतं. पडक्या भिंतींवर चढू नका, त्यांच्यावर नावं कोरू नका. वाड्या खासगी आहेत, विचारून आत जा.

बंदर गेलं, निजामशाहीही गेली. उरलेत ते एवढेच दगड. नगरकरांनी तरी ते ओळखीच्या नजरेने बघावेत.