आत्याच्या डब्यातले डूल

गेल्या दिवाळीत आत्याकडे फराळाला गेलो, तेव्हा तिच्या कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. आत सोनेरी रंगाचे भलेमोठे डूल, काळ्या-पांढऱ्या प्लॅस्टिकची रुंद कडी आणि खोट्या मोत्यांच्या जाड माळा. माझ्या मुलीने एक डूल कानाशी धरून विचारले, ‘‘आत्याआजी, हे घालून तू ऑफिसला जायचीस?’’

‘‘मग! आमचे दादा म्हणायचे, कानांना झाकणं लावून कुठं निघालीस?’’ आत्या हसली. १९८६ साली नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून तिने कुलाब्याच्या फुटपाथवर ते डूल घेतले होते. लग्नातले दागिने घरच्यांनी ठरवले, घडवले. हे मात्र तिने कुणालाही न विचारता घेतलेले.

ते दशकच तसे ठसठशीत होते. १९८१ ते १९८९ या काळात अमेरिकेत ‘डायनॅस्टी’ ही मालिका चालली. तिच्यातल्या बायकांचे पॅड लावलेले रुंद खांदे आणि त्यांना शोभतील असे मोठे डूल जगभर गाजले. १९८३ मध्ये कार्ल लागरफेल्ड ‘शानेल’मध्ये आला आणि त्याने जाड सोनेरी साखळ्या नि मोत्यांच्या माळा पुन्हा झोकात आणल्या. १९८५ साली मेलबर्नला राजकन्या डायनाने राणी मेरीचा पाचूंचा गळ्यालगतचा हार चक्क कपाळावर बांधला. आणि जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपत्नी बार्बरा बुश पतीच्या शपथविधीला तीनपदरी खोटे मोती घालून गेल्या. खोटे म्हणून लपवायचे दिवस संपले होते.

त्याला व्यवहाराचीही बाजू होती. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात सोने औंसाला ८५० डॉलरवर जाऊन पोहोचले होते. आपल्याकडे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत लागू होता. एवढ्या आकाराचा दागिना खऱ्या सोन्यात कोण घडवणार? मुलामा स्वस्त, आणि हरवला तर रडू येत नाही.

मोठ्या डुलांना बहुधा चाप असे, म्हणजे वजन कानाच्या भोकावर येत नसे. ही युक्ती आपल्याला परकी नाही. नाक न टोचलेल्या मुली चापाची नथ घालतातच. आणि जड कर्णफुलांचा भार केसांत अडकवलेल्या वेलांनी पेलायची आपली रीत तर फार जुनी.

असे दागिने आज घालायचे तर एक पथ्य पाळावे : एका वेळी एकच ठळक वस्तू. मोठे डूल असतील तर गळा मोकळा ठेवावा. जाड माळ असेल तर कानांत साधी कुडी पुरे. साध्या सुती साडीवर किंवा एकरंगी कुडत्यावर ते अधिक खुलतात. चाप घट्ट असेल तर आत रबराची चकती लावावी आणि दोन-तीन तासांनी कानांना विश्रांती द्यावी. मुलामा उडालेल्या जागी कातडीला खाज येत असेल तर दागिना पुन्हा मुलामा देऊन घ्यावा, तोवर वापरू नये. अत्तर आधी, दागिना नंतर. सोन्यासारखे रिठ्याच्या पाण्यात बुडवू नये, चिंच-लिंबू तर नकोच. मऊ कोरड्या कापडाने पुसावे आणि प्रत्येक नग वेगळ्या मलमलीत गुंडाळावा.

डब्यातला एक डूल मात्र एकटाच होता. ऑफिसात फोन आला की रिसीव्हर कानाला लावण्याआधी उजवा डूल काढून टेबलावर ठेवावा लागे. एके दिवशी तो तिथूनच हरवला. जोडी फुटली तरी दुसरा टाकून देणे आत्याला जमले नाही. दादांनी नाव ठेवलेला तो हाच डूल.

मागच्या महिन्यात मुलगी नोकरीवर रुजू झाली. त्या सकाळी तिने तो एकटा डूल मागून घेतला आणि साडीच्या पदराला खांद्यावर चापला. पिन म्हणून तो छानच दिसत होता. आत्याने लांबून पाहिले, जवळ येऊन जरासा सरळ केला आणि म्हणाली, ‘‘आता कितीही फोन येऊ देत. हा काढायला नको.’’