भिंतीविना सिंफनी

महाराष्ट्रात उघड्यावरच्या मैफलींचा हंगाम दिवाळी सरली की सुरू होतो. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात भरतो आणि शाल पांघरून गाणे ऐकण्याची सवय इथल्या रसिकाला कित्येक वर्षांची आहे. एप्रिल-मेच्या काहिलीत मैदानावर ख्याल मांडण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की प्रश्नच मिटतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात हे गणित नेमके उलटे आहे. तिथे हिवाळा बर्फाचा. मोकळ्या हवेत बसण्याचे दिवस काय ते उन्हाळ्याचेच. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेला, बर्कशायरच्या टेकड्यांत वसलेले टँगलवुड हे त्या दिवसांचे संगीततीर्थ. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा हा नामांकित वाद्यवृंद दर उन्हाळ्यात बोस्टन सोडून सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या या मुक्कामी येतो आणि जुलै-ऑगस्टचे आठवडे तिथेच वाजवतो.

वरकरणी ही सहल वाटते. प्रत्यक्षात ते एक संकट असते, आणि हंगामाची सारी पूर्वतयारी म्हणजे त्या संकटाशी केलेली तडजोड होय. कारण या वाद्यवृंदाचे बोस्टनमधले घर साधेसुधे नाही. ऑक्टोबर १९०० मध्ये उघडलेले सिंफनी हॉल हे ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने बांधलेले जगातले पहिले संगीतगृह मानले जाते. हार्वर्ड विद्यापीठातले तरुण भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी त्याआधीची काही वर्षे एका सदोष व्याख्यानगृहाचा अभ्यास करण्यात घालवली होती. शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उसन्या आणायच्या, त्या खोलीत पसरायच्या आणि ध्वनी विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असा त्यांचा उद्योग. त्यातून निनादाचे गणित हाती आले. वाद्यातून निघालेला स्वर भिंतींवर, छतावर पुनःपुन्हा आपटून क्षीण होत जातो. तो जो दीड-दोन सेकंद रेंगाळतो, त्यातच सिंफनीचा भरदारपणा असतो. ऐंशी-शंभर वादकांचा नाद एकजीव होतो तो भिंतींमुळे. बेथोव्हेन, ब्राम्स यांनी संगीत रचले तेही भिंती गृहीत धरूनच.

मोकळ्या मैदानावर या भिंतीच नाहीशा होतात. अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते, आणि एकदा सुटलेला स्वर परत येत नाही. वादकालाही शेजाऱ्याचे वाजवणे धड ऐकू येत नाही. आपल्याकडच्या गायकाला हा अनुभव नवा नाही. फरक इतकाच की, आपल्या मैफलीने ध्वनिक्षेपक केव्हाच आपलासा केला आणि एक गायक, दोन तंबोरे, तबला, पेटी एवढ्यांना सांभाळणे ध्वनियोजकाला जमते. सिंफनीचे कलावंत शंभर, आणि ध्वनिक्षेपकाबद्दल त्यांच्या मनात आजही थोडी नाराजीच असते.

टँगलवुडने यावर काढलेला तोडगा एका वादळातून जन्मला. १९३४ मध्ये या भागात उन्हाळी महोत्सव सुरू झाला तो घोड्यांच्या प्रदर्शनाच्या रिंगणात, आणि वाजवणारे वादक न्यूयॉर्कचे होते. बोस्टनचा वाद्यवृंद आला १९३६ मध्ये, एका मोठ्या तंबूखाली. त्याच हिवाळ्यात टँगलवुडची २१० एकरांची जागा वाद्यवृंदाला देणगी म्हणून मिळाली. (अमेरिकी कथाकार नॅथॅनिएल हॉथॉर्न याच परिसरातल्या एका छोट्या घरात राहिला होता, जागेचे नावही त्याच्याच पुस्तकाशी जोडलेले आहे.) ५ ऑगस्ट १९३७ रोजी तिथे पहिली मैफल झाली, तीही तंबूतच. पुढच्याच आठवड्यात वाग्नरच्या रचनांचा कार्यक्रम होता. त्या रात्री ढग फुटले. रिएन्झीचे पूर्वसंगीत मेघगर्जनेमुळे दोनदा थांबवावे लागले आणि सिगफ्रीड इडिल ही रचना तर गाळावीच लागली. ती इतकी हळुवार की, तंबूवर आपटणाऱ्या पावसापुढे ऐकूच आली नसती. वाग्नरने १८७० मध्ये पत्नीच्या वाढदिवशी, घरातल्या जिन्यावर मोजके वादक उभे करून जी वाजवली, तिचा निभाव उघड्या माळावर लागणार कसा? मध्यंतरात महोत्सवाच्या एक संस्थापक गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ यांनी भिजलेल्या श्रोत्यांपुढे येऊन पक्क्या वास्तूसाठी मदतीचे आवाहन केले. पैसे जमू लागले.

तेव्हाचे संगीत संचालक सर्ज कुसेवित्स्की यांनी फिनलंडचे ख्यातनाम वास्तुशिल्पी एलिएल सारिनेन यांना पाचारण केले. त्यांचा आराखडा देखणा होता, पण एक लाख डॉलरांच्या मर्यादेत बसेना. दुसरा, साधा केलेला आराखडाही बसेना. अखेर त्यांनी वैतागून कळवले की, एवढ्याच पैशात हवे असेल तर नुसती शेड उभी राहील, आणि शेड बांधायला वास्तुशिल्पी लागत नाही. विश्वस्तांनी तो टोमणा शब्दशः मनावर घेतला. जोसेफ फ्रान्झ या स्थानिक अभियंत्याने आराखडा आणखी छाटला आणि ४ ऑगस्ट १९३८ रोजी शेड तयार झाली. पंख्याच्या आकाराचे भव्य छप्पर, पोलादी खांब आणि बाजू सताड उघड्या. आत पाच हजारांवर माणसे बसतात. बाकीची पलीकडच्या हिरवळीवर. गेली आठ दशके तिचे नावही शेडच राहिले आहे. पुढे कुसेवित्स्कींचे नाव तिला जोडले गेले एवढेच.

छप्पर आले तरी तक्रार उरली. एवढ्या प्रशस्त छपराखाली स्वर पोहोचत होता, पण धूसर होऊन. मागच्या रांगांना व्हायोलिनचे जलद काम वेगळे काढता येईना. १९५९ मध्ये लिओ बेरानेक यांच्या ध्वनितज्ज्ञ संस्थेने व्यासपीठावर आणि पुढच्या आसनांवर त्रिकोणी फळ्यांचे छत टांगले. गंमत अशी की, हे छत निम्मे रिकामे आहे. फळ्यांवर आपटलेला ध्वनी लगेच श्रोत्यांकडे आणि वादकांकडे येतो, त्यामुळे स्पष्टता मिळते; फटींतून वर गेलेला ध्वनी छपराखालच्या पोकळीत घुमून मागाहून येतो, त्यामुळे भरदारपणा मिळतो. बिनभिंतींच्या जागेत भिंतीचे काम असे लटकत्या फळ्यांनी केले. हाच यशस्वी प्रयोग बेरानेक यांनी तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या नव्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये केला आणि तिथे टीकेचा भडिमार झाला. त्या सभागृहाची दुरुस्ती पुढे कितीतरी वर्षे पुरली. कोट्यवधी डॉलरांच्या सभागृहाला जे साधले नाही, ते एका शेडला साधले, ही ध्वनिशास्त्राने केलेली थट्टाच म्हणावी लागेल.

हिरवळीचा प्रश्न निराळा. तिथे ध्वनिक्षेपकाला पर्याय नाही. पण तो लावणेही वाटते तितके सोपे नसते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, तर तारेतला विद्युत्संदेश जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. व्यासपीठापासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला शेजारच्या ध्वनिक्षेपकातून स्वर आधी ऐकू येईल आणि प्रत्यक्ष वाद्याचा स्वर सुमारे तीन दशांश सेकंदाने मागाहून. प्रत्येक टाळीला दुसरी टाळी चिकटेल. म्हणून अशा ठिकाणी दूरच्या ध्वनिक्षेपकांतला आवाज हेतुपुरस्सर लांबवला जातो, आणि तोही असा की मूळ स्वर निमिषभर आधी कानी यावा. मानवी कान जो स्वर आधी येतो त्याच दिशेला उगम मानतो. जमले, तर ध्वनिक्षेपक शेजारी असूनही संगीत व्यासपीठावरून येते आहे असे वाटते. त्यातही मेख आहे. तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो; म्हणजे दुपारी जुळवलेला हिशेब रात्री तंतोतंत राहत नाही.

निसर्ग मात्र केवळ अडवतच नाही, थोडी मदतही करतो. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा गरम आणि वरची गार. अशा वेळी ध्वनी वर वळून आकाशात निघून जातो. सूर्यास्तानंतर जमीन निवते, गार हवा खाली राहते आणि ध्वनी पुन्हा खाली झुकतो. रात्री दूरच्या देवळातले भजन स्पष्ट ऐकू येते ते याच कारणाने. सायंकाळच्या मैफलींना मागच्या रांगांत अधिक चांगले ऐकू येते, यात श्रोत्यांच्या रसिकतेइतकाच हवेचाही वाटा असतो.

वाद्यांची काळजी हा तयारीचा सर्वांत नाजूक भाग. उष्मा वाढला की बासरी, ओबो, क्लॅरिनेट यांतली हवा तापून त्यांचा स्वर चढतो; व्हायोलिनच्या तारा मात्र सैलावून उतरतात. म्हणजे एकाच वाद्यवृंदाचे दोन भाग परस्परविरुद्ध दिशांना सरकू लागतात. सुरुवातीला ओबोने दिलेला स्वर सर्वांनी मिळवला, तरी अर्ध्या तासात तो पुन्हा तपासावा लागतो. दमट हवेत गजाचे केस लांबतात, खुंट्या फुगतात आणि ऐन वेळी फिरेनाशा होतात. जुन्या व्हायोलिनचे जोड सरसाने चिकटवलेले असतात, तेही मुद्दाम जरा कमजोर ठेवून. कारण ताण आला तर जोड सुटावा, लाकूड तडकू नये. उन्हात तो सरस मऊ होतो. दीडदोनशे वर्षांचे वाद्य थेट उन्हात काढण्यास व्हायोलिनवादक सहसा तयार होत नाही, आणि त्याचे बरोबरच असते. क्लॅरिनेटचे भय उलट. बर्कशायरची संध्याकाळ ऑगस्टमध्येही गारठते. बाहेरून थंड आणि आत वादकाचा ऊबदार, ओला श्वास, एवढ्या फरकाने ते काळे कठीण लाकूड चिरते. तंबोऱ्याची जवारी हवा पालटताच रुसते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शंभर वाद्यांच्या रुसव्याची कल्पना सहज येईल. या साऱ्यात कागद उडू नयेत म्हणून लागणारे कपड्यांचे चिमटे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अपरिहार्य साधन.

एवढे करून तालमीला वेळ उरतो तो थोडाच. बोस्टनमध्ये हिवाळ्यात एक कार्यक्रम बसवून तीन-चार वेळा सादर होतो. टँगलवुडमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार अशा लागोपाठच्या दिवशी निरनिराळे कार्यक्रम असतात आणि शनिवार सकाळची तालीमसुद्धा तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे होते. उन्हाळी कार्यक्रमांत तेच बेथोव्हेन आणि तेच चायकोव्स्की असतात अशी समीक्षकांची कुरकुर असते. ती निम्मी खरी आहे. वादकांच्या हाडीमाशी भिनलेली रचनाच कमी तालमींत उभी राहू शकते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. आणि वाऱ्यात विरून जाणार नाही अशी भरघोस रचना निवडणे, हे दुसरे. सिगफ्रीड इडिलचा धडा अजून विसरला गेलेला नाही. पियानो किंवा चार तंतुवाद्यांच्या नाजूक मैफली आता १९९४ मध्ये बांधलेल्या सेजी ओझावा हॉलमध्ये होतात. ते खरे सभागृह आहे, पण त्याचीही मागची भिंत धान्याच्या कोठाराच्या दारासारखी उघडते आणि बाहेर हिरवळ असते.

नव्या संगीताची जबाबदारी बहुतांशी विद्यार्थी उचलतात. कुसेवित्स्कींनी १९४० मध्ये इथे उन्हाळी संगीतशाळा काढली. लेनर्ड बर्नस्टाइन पहिल्याच तुकडीतला. युद्धामुळे १९४२ मध्ये विश्वस्तांनी महोत्सव रद्द केला तेव्हा कुसेवित्स्कींनी याच विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद उभा करून मैफली पार पाडल्या. ब्रिटनच्या पीटर ग्राइम्स या ऑपेराचा अमेरिकेतला पहिला प्रयोग १९४६ मध्ये विद्यार्थ्यांनीच केला. १९५८ मध्ये मुंबईचा एक बावीस वर्षांचा तरुण इथे शिकत होता: झुबिन मेहता. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांनी बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा घेऊन श्रीनगरच्या शालिमार बागेत, डोंगरांच्या पायथ्याशी, उघड्यावर मैफल केली. उघड्यावरची मैफल टँगलवुडच्या विद्यार्थ्याला अपरिचित असणार नव्हती.

२०२० च्या उन्हाळ्यात महासाथीमुळे हिरवळ रिकामी राहिली आणि मैफली संगणकाच्या पडद्यावर झाल्या. २०२१ चा हंगाम आखूड, मर्यादित श्रोत्यांचा आणि मध्यंतराविना पार पडला. त्यानंतर सतरंज्या, टोपल्या आणि मेणबत्त्या घेऊन येणारी कुटुंबे पुन्हा दिसू लागली. हिरवळीवरचा श्रोता गाणे ऐकतो की वनभोजन करतो, हा वाद जुना आहे; पण वर्षभरात सभागृहाची पायरी न चढणारी मुले इथे गवतावर लोळत का होईना, एक अख्खी सिंफनी ऐकून जातात, हे नाकारता येत नाही. ऑगस्ट सरत आला की हंगामाची सांगता परंपरेने बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीने होते. पाऊस आला तरी मैफल ठरल्या वेळी सुरू होते. शेडमधले कोरडे राहतात, हिरवळीवरचे भिजतात, आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.