गोष्ट बसवणाऱ्याचीच गोष्ट

नाताळ जवळ आला की मला एक इंग्रजी विनोदी सिनेमा आठवतो आणि त्याच्याबरोबर माझी स्वतःची एक चूकही आठवते. दोन्ही सांगायच्या, तर आधी मूळ गोष्ट सांगायला हवी.

चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. तिचा नायक स्क्रूज हा लंडनचा पक्का कंजूष. हाताखालच्या कारकुनाला थंडीत कोळसा देतानाही त्याच्या जिवावर येतं. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचं भूत येतं. मागोमाग भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य यांची तीन भुतं येऊन त्याला त्याचंच आयुष्य दाखवतात. सकाळी उठतो तो दुसराच माणूस होऊन. डिकन्सला ही गरिबी ऐकून माहीत नव्हती. १८२४ मध्ये त्याचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले होते आणि बारा वर्षांचा हा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवत होता.

सावकार आणि कंजूष आपल्यालाही नवे नाहीत. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्येच ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यातल्या शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो. आचार्य अत्र्यांनी फ्रेंच नाटककार मोलियेरचा कंजूष ‘कवडीचुंबक’ नाटकात मराठीत आणला. तिथं आपण कंजुषाला मनसोक्त हसतो. डिकन्सचं वेगळेपण हे, की त्याचा कंजूष बदलतो. म्हणून जगभर लोक ही गोष्ट पुन्हा पुन्हा बसवतात.

मीही ती बसवली होती. तेव्हा मी मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. डिसेंबरच्या गॅदरिंगसाठी मीच रूपांतर केलं. स्क्रूजचा गावचा सावकार केला, नाताळची दिवाळी केली. कारकुनाच्या पांगळ्या मुलाच्या कामासाठी सहावीतला खणखणीत आवाजाचा एक मुलगा निवडला. तो तीन दिवस तालमीला आलाच नाही. चौथ्या दिवशी आला, तर बोटांवर पऱ्हाटीचे ओरखडे. आई आजारी होती आणि तिच्या जागी हा कापूस वेचायला जात होता. वेचणीची मजुरी किलोवर. गेलं नाही तर पैसा नाही. मी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, ‘तुझ्यासाठी नाटक थांबणार नाही,’ आणि काम दुसऱ्याला दिलं. नाटक छान झालं. शेवटी सावकारानं त्या पांगळ्या पोराला उचलून घेतलं, तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तो मुलगा खाली सतरंजीवर बसून पाहत होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी केबलवर ‘स्क्रूज्ड’ पाहिला. १९८८ चा सिनेमा, दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, नायक बिल मरे. यातला स्क्रूज सावकार नाही. फ्रँक क्रॉस हा न्यूयॉर्कच्या एका टीव्ही कंपनीचा मुख्य आहे. गंमत अशी, की त्याची कंपनी नाताळच्या आदल्या रात्री डिकन्सचीच ‘ख्रिसमस कॅरल’ थेट प्रक्षेपित करणार आहे. दयेची गोष्ट दाखवायची म्हणून लोकांची सणाची सुट्टी गेलेली. विरोध करणाऱ्याला त्याच दिवशी नोकरीवरून काढलेलं. भेटवस्तूंच्या यादीत कोणाला व्हीसीआर, कोणाला नुसता टॉवेल. सख्ख्या भावाच्या वाट्यालाही टॉवेलच!

भुतंही नव्या जमान्याची. भूतकाळाचं भूत टॅक्सी हाकतं. वर्तमानकाळाची भूत म्हणजे एक गोड परी, पण ती फ्रँकला थोबाडीत देते आणि एकदा तर टोस्टर तोंडावर हाणते. आपण हसतो, पण बदल नीट पाहा. जुन्या कारकुनाच्या जागी ग्रेस नावाची सेक्रेटरी आहे. तिचा लहान मुलगा वडील गेल्यापासून बोललेला नाही. म्हणजे मूळ गोष्टीत मुलाचा पाय अधू होता, इथं वाचा गेली आहे. फ्रँक कार्यक्रमावर पाण्यासारखा पैसा ओततो, म्हणून तो पैशाचा कंजूष वाटत नाही. तो माणसांच्या बाबतीत कंजूष आहे. ग्रेसला मुलाला डॉक्टरकडे न्यायचं असतं, तरी तो तिला कामाला थांबवून घेतो.

इथं मी हसायचा थांबलो. सिनेमाच्या आत जुने कपडे, खोटा बर्फ घालून पुस्तकाबरहुकूम नाटक चाललं आहे, आणि ते बसवणाऱ्यालाच त्याचा अर्थ लागलेला नाही. मी तेच केलं होतं. सावकार मी गावात शोधला. तो तालमीच्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बसलेला होता.

रूपांतराचं खरं काम मला तेव्हा कळलं. नावं आणि कपडे बदलणं सोपं असतं. आज, इथं, कोणाच्या हातात कोणाची सुट्टी, कोणाची मजुरी, कोणाची संधी आहे, हे शोधणं अवघड.

सिनेमात दोष आहेत. शेवटी फ्रँक थेट प्रक्षेपणात घुसून भाषण ठोकतो, ते लांबतं. आणि एक कंजूष सुधारला म्हणून सावकारी संपत नाही. त्यासाठी कायदा लागतो. आपल्या राज्याला २०१४ मध्ये सावकारीचा नवा कायदा करावा लागला, तो उगाच नाही. पण त्या शेवटी ग्रेसचा मुलगा बोलतो आणि आपला गळा दाटतो.

त्यानंतर नोकरीत होतो तोवर तालमीची वेळ ठरवण्याआधी मी वर्गात एक प्रश्न विचारत असे, ‘वेचणीला कोण कोण जातं रे?’ हात वर होत. मग त्यांच्या सोयीनं तालीम ठेवायची. नाटकं पूर्वीइतकी घोटीव झाली नाहीत. त्या पहिल्या मुलाला मात्र मी तो प्रश्न विचारला नव्हता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)