पुणे मराठाज कोण होते? अमेरिकन फुटबॉलची पुणे ते फ्रँकफर्ट गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा धडगावच्या घाटात ज्यांचं नेटवर्क मध्येच गेलं, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोलताना झालेलं ‘अं… म्हणजे… ते…’ तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

सुरुवातीलाच एक प्रश्न. पुण्याची अशी कुठली टीम आहे जिने आपल्या लीगचा पहिलाच सीझन जिंकला, आणि पुण्यातल्या रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणेल, “कोण?” पुणेरी पलटण नाही. त्यांना पहिल्या कपासाठी बरीच वर्षं थांबावं लागलं. उत्तर आहे पुणे मराठाज. खेळ अमेरिकन फुटबॉल. हो, तोच, हेल्मेट घालून एकमेकांवर धावून जाणारा.

२०११ साली काही अमेरिकन उद्योजकांनी एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची लीग जाहीर केली. पाठीशी असलेली नावं छोटी नव्हती. माइक डिटका, मायकल अर्विन, रॉन जॉवर्स्की, कर्ट वॉर्नर हे सगळे एनएफएलचे मोठे लोक, वर हॉलिवूडचा मार्क वॉलबर्ग. ब्रँडन चिलार नावाचा भारतीय वंशाचा खेळाडूही होता, जो ग्रीन बे पॅकर्सकडून खेळलेला. पहिल्या सीझनला आठ टीम होत्या. मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स, कोलकाता वायपर्स, हैदराबाद स्कायकिंग्ज, बंगळूर वॉरहॉक्स, आपले पुणे मराठाज, शिवाय श्रीलंकेची एक आणि पाकिस्तानची एक. २०१२ च्या फायनलमध्ये पुण्याने दिल्लीला ६–० असं हरवलं आणि कप घेतला.

आता ६–० म्हणजे किती गोल, असं विचारू नका. इथे गोल नसतात. दोन मिनिटांत खेळ सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

तुम्ही कबड्डी खेळलाय ना? मग अर्धं काम झालं. कबड्डीत रेडरला एका दमात जाऊन परत यायचं असतं. इथे परत यायचं नाही, फक्त पुढे सरकायचं. अकरा विरुद्ध अकरा. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार संधी मिळतात, त्याला ‘डाउन’ म्हणतात. या चार संधींत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे जायचं. कबड्डीचं पूर्ण मैदान तेरा मीटर लांब असतं, त्याहूनही हे कमी! पण समोर अकरा जण तुम्हाला आडवं पाडायला उभे असतात. दहा यार्ड मिळाले की पुन्हा नव्या चार संधी. असं करत करत शंभर यार्डांचं मैदान ओलांडून शेवटच्या पट्ट्यात बॉल नेला की टचडाउन, सहा पॉइंट. त्यानंतर एक किंवा दोन पॉइंटचा बोनस प्रयत्न. बॉल लाथेने खांबांच्या मधून मारला तर फील्ड गोल, तीन पॉइंट. विरोधकाला त्याच्याच शेवटच्या पट्ट्यात पाडलं तर सेफ्टी, दोन पॉइंट. म्हणजे ६–० हा स्कोअर एका टचडाउननेही होतो, दोन फील्ड गोलनेही होतो, आणि कागदावर तीन सेफ्टींनीही होतो. (इंजिनिअरला हे मोजल्याशिवाय झोप येत नाही, माफ करा.) एवढं मात्र नक्की की दिल्लीला त्या दिवशी एकही पॉइंट मिळाला नाही. म्हणजे पुण्याचा डिफेन्स भिंतीसारखा उभा होता.

मग अडलं कुठे? अडलं इथे की त्या सीझनच्या मॅचेस पुण्यात झाल्याच नाहीत. त्या कोलंबोत खेळवल्या, शूट केल्या, आणि टीव्हीवर नंतर दाखवल्या. टीमच्या नावात पुणे, जर्सीवर मराठा, आणि मैदान समुद्रापलीकडे. स्वारगेटवरून बस पकडून मॅचला जाणारा एकही माणूस या क्लबला मिळाला नाही. टीव्हीसाठी बनवलेली मालिका म्हणून हे ठीक होतं. क्लब म्हणून नाही. नंतर लीगने टीम वाढवायच्या घोषणा केल्या, पण दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणारी, पोरं वाट बघतील अशी स्पर्धा काही उभी राहिली नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, मुंबईच्या स्टेडियममध्ये फायनल झाली, यू मुम्बा हरली तरी लोक खुर्च्यांवर उभे होते. फरक तिथे दिसतो.

हे सगळं अमेरिकन लोकांना आधीपासून माहीत असायला हवं होतं, कारण युरोपमध्ये त्यांनी हाच प्रयोग करून हात पोळून घेतले होते. आणि तिथली गोष्ट जास्त मजेशीर आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत अमेरिकन सैनिकांचे तळ होते, फ्रँकफर्टच्या आसपास तर भरपूर. सैनिक आपापसांत हा खेळ खेळायचे, जर्मन पोरं कुंपणाबाहेरून बघायची. १९७७ मध्ये फ्रँकफुर्टर ल्योवेन, म्हणजे फ्रँकफर्टचे सिंह, हा जर्मनीतला पहिला अमेरिकन फुटबॉल क्लब निघाला. दोनच वर्षांत, १९७९ ला, पहिली जर्मन फायनल झाली आणि सिंहांनी आन्सबाख ग्रिझलीजला १४–८ ने हरवलं. पाठीशी ना वॉलबर्ग, ना टीव्हीचा करार.

एनएफएल आली त्यानंतर, १९९१ मध्ये. वर्ल्ड लीग ऑफ अमेरिकन फुटबॉल. फ्रँकफर्ट गॅलक्सी, लंडन मोनार्क्स, बार्सिलोना ड्रॅगन्स. पहिली फायनल लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर, साठ हजारांहून जास्त लोक, मोनार्क्सने ड्रॅगन्सला २१–० ने उडवलं. पण अमेरिकेत ही लीग कुणी बघेना. १९९२ नंतर बंद. १९९५ ला फक्त युरोपपुरती परत सुरू, पुढे नाव एनएफएल युरोप. एनएफएलच्या दृष्टीने ही नेट प्रॅक्टिसची जागा होती, जिथे आपली दुय्यम पोरं पाठवायची आणि तयार करून परत घ्यायची. त्यातून हिरेही निघाले. मघाशी नाव घेतलं तो कर्ट वॉर्नर एकेकाळी किराणा दुकानात माल लावायचा. १९९८ मध्ये तो अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्सकडून खेळला आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोल जिंकून सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुण्याच्या लीगमागे तो का उभा राहिला असेल याचा अंदाज इथून बांधता येतो, पण तो माझा अंदाज.

आता बघा. खेळाडू दर सीझनला बदलणारे, मालक अमेरिकेत, मग युरोपातल्या प्रेक्षकाने जीव कुणावर लावायचा? लंडनमध्ये नाही लागला, मोनार्क्स १९९८ नंतर संपले. फ्रँकफर्टमध्ये लागला. जांभळ्या रंगाची जर्सी, मॅचच्या आधी स्टेडियमबाहेर ‘पॉवर पार्टी’ नावाची जत्रा (आपल्याकडे सारंगखेड्याला यात्रेत असते तशी गर्दी डोळ्यापुढे आणा, घोडे सोडून), आणि गॅलरीत तीस हजारांच्या घरात लोक. गॅलक्सीने चार वेळा कप जिंकला: १९९५, १९९९, २००३ आणि २००६.

२००७ च्या जूनमध्ये फायनल फ्रँकफर्टलाच होती. अठ्ठेचाळीस हजार लोक. गॅलक्सी हॅम्बुर्ग सी डेव्हिल्सकडून ३७–२८ ने हरली. आणि आठवड्याच्या आत एनएफएलने सगळी लीगच बंद केली. वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलरचा तोटा होत होता. हिशोबाने निर्णय बरोबरच होता. तोटा खाणारं सर्व्हर कुठलीही कंपनी बंद करते.

पण सर्व्हर बंद झालं म्हणून युजर गेले नाहीत. गॅलक्सीच्या चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला. गॅलक्सी हे नाव वापरता येत नव्हतं, मग यांनी नाव ठेवलं युनिव्हर्स! आकाशगंगा नाही देत? मग आख्खं विश्वच घेतो. हौशी खेळाडू घेऊन खालच्या डिव्हिजनपासून सुरुवात केली. पैशाची अडचण कायमची. तरी चढत चढत २०१८ मध्ये ते जर्मन लीगच्या फायनलला पोचले आणि २१–१९ ने, म्हणजे दोन पॉइंटने हरले. २०२१ ला युरोपियन लीग ऑफ फुटबॉल सुरू झाली आणि फ्रँकफर्टमध्ये गॅलक्सी हे नाव चौदा वर्षांनी परत आलं. पहिल्याच सीझनची फायनल, समोर परत सी डेव्हिल्स नावाचीच टीम, आणि यावेळी ३२–३० ने गॅलक्सी जिंकली. २०२३ ला तर एनएफएलच्या खऱ्या मॅचेस फ्रँकफर्टला आल्या. जिने दुकान बंद केलं होतं तीच गिऱ्हाईक शोधत परत आली.

आता आपल्याकडे परत येऊ. एका श्रोत्याने विचारलंय, “भो, हे सगळं आपल्या पोरांच्या काय कामाचं?” प्रश्न रास्त आहे.

शहादा, तळोदा, नवापूर, कुठेही पहाटे मैदानावर जा. भरतीची पोरं पळत असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. शंभर मीटरचा वेग आणि गोळाफेकीची ताकद, दोन्ही एकाच शरीरात, हेच तर अमेरिकन फुटबॉलला लागतं. म्हणजे शरीरं आपल्याकडे तयार आहेत. पण घरात पहिला प्रश्न येतो, “याने नोकरी लागते का?” राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक खेळ आणि ठरावीक स्पर्धांच्या यादीवर चालतं. खाजगी लीगचा कप कितीही चमकदार असो, त्या फॉर्मवर तो चालेलच असं नाही. पुणे मराठाजच्या पोरांनी मार खाऊन, गुडघे पणाला लावून कप जिंकला, तो टीव्हीवर दिसलाही. पण पुढच्या वर्षी कुठे खेळायचं, याचं उत्तर त्या कपात नव्हतं. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. फ्रँकफर्टच्या खेळाडूला निदान रविवारी खेळायला क्लब होता, भले खालच्या डिव्हिजनचा.

त्यामुळे कुणी मोठी जाहिरात करून ट्रायलला बोलावलं तर आधी तीन गोष्टी विचारा. मॅचेस कुठे होणार? पुढच्या वर्षी होणार का? आणि दुखापत झाली तर दवाखान्याचं बिल कोण भरणार? तिसरा प्रश्न लाजू नका, पहिल्यांदा विचारला तरी चालेल.

आणि एक बातमी, जी आपल्याकडे क्रिकेटच्या गोंगाटात हरवली. १६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक झाली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट घ्यायचं ठरलं, हे सगळ्यांना कळलं. त्याच बैठकीत, त्याच ठरावात, फ्लॅग फुटबॉलही मंजूर झालं. हा अमेरिकन फुटबॉलचाच धाकटा भाऊ. पाच विरुद्ध पाच, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. हेल्मेट नाही, खांद्याची पॅड नाहीत, कुणाला आडवं पाडायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला लोंबणारी फीत ओढली की रेडर बाद, सॉरी, बॉलवाला थांबला. अकरा जणांच्या खेळाचं सामान घ्यायला शाळेचं वर्षाचं क्रीडा बजेट पुरणार नाही. याला एक बॉल, दहा पट्टे आणि एक मोकळं मैदान लागतं. मैदान तर आपल्या प्रत्येक आश्रमशाळेला आहे.

पुढच्या भागात फ्लॅग फुटबॉलचे नियम कबड्डीच्या कोर्टावर चुन्याने आखून समजावणार आहे. कुणाकडे ड्रोन असेल तर कळवा, वरून शूट करायचंय.