अखेरची तारीख आणि न पोचलेला अर्ज

२०२५च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकाला शेतातील बोंडाआधी हातातील मोबाइलकडे पाहावे लागले. सीसीआयला हमीभावाने कापूस विकावयाचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर आगाऊ नोंदणी करणे अनिवार्य ठरले होते. नोंदणी १ सप्टेंबरला सुरू झाली; ३० सप्टेंबरची मुदत पुढे वाढवावी लागली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. व्यापाऱ्याचा भाव त्याहून खाली असेल तर नोंदणी झाली की राहिली, एवढ्यावर एका कुटुंबाचा वर्षाचा हिशेब फिरतो.

आणि ही नोंदणी ज्या तारेवर अवलंबून, ती तार कशी आहे? झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत डोंगरांच्या कुशीत कोलामांचे पोड वसलेले आहेत. मधे टेकडी आली की टॉवरच्या लहरी अडतात. वीज गेली की टॉवर बॅटरीवर येतो आणि बॅटरी संपली की मुका होतो. रस्ता रुंद करणारे यंत्र जमिनीखालची केबल तोडते, तेव्हा तर सारा परिसरच अंधारात जातो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. व्याख्या सुधारली, हे उत्तमच झाले. परंतु पोडावरच्या माणसाची अडचण केवळ गतीची नाही, भरवशाची आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची, आता बंद पडलेली शकुंतला गाडी संथपणाबद्दल प्रसिद्ध होती. पण ती संथ आहे हे ठाऊक असल्यामुळे प्रवासी तसे बेत आखून निघे. संथपणाशी माणूस जुळवून घेतो; लहरीपणाशी जुळवून घेणे कठीण. इंटरनेटवरचा मजकूर लहान लहान पाकिटांच्या रूपाने धावतो. एखादे पाकीट वाटेत हरवले तर पाठविणारे यंत्र ते पुन्हा पाठविते, आणि वाटेवर गर्दी झाली असावी असे समजून बहुधा आपली गतीही कमी करते. तार जितकी खराब, तितकी ही पुनरावृत्ती अधिक. इकडे अर्जाचे पान ठरावीक मिनिटांनी आपोआप मिटते, मोबाइलवर येणारा ओटीपी मुदत उलटल्यावर उगवतो, आणि भरलेला सारा मजकूर पुसला जाऊन पुन्हा नावापासून आरंभ करावा लागतो.

लोकांनी यातून वाटा काढल्या नाहीत असे नव्हे. सेवा केंद्राचा चालक दोन कंपन्यांची सिमकार्डे बाळगतो, छायाचित्रे आधीच लहान करून ठेवतो, माहिती वहीत उतरवून घेतो आणि पहाटे गर्दी नसताना अर्ज पाठवितो. द्विशिक्षकी शाळेतील गुरुजी दिवसा कागदावर टिपलेली माहिती रात्री तालुक्याच्या गावी, स्वतःच्या घरी, स्वतःच्या खर्चाने पोर्टलवर चढवितात. एकच काम दोनदा होते आणि दुसऱ्या वेळेची गणना कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. ही हिकमत कौतुकास्पद खरी. मात्र तिच्यामुळेच वरच्या कचेरीला सर्व काही सुरळीत असल्याचा भास होतो.

२०१७ची कर्जमाफी आठवावी. त्या वेळी ऑनलाइन अर्ज सक्तीचा होता आणि त्यासाठी अंगठ्याचा ठसा घेतला जात होता. सर्व्हर रखडत होता. रांगेत दिवस जात होते. १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत न्यावी लागली. प्रत्येक योजनेत हेच घडते. मुदतवाढ ही व्यवस्थेतील दोषाची कबुलीच असते. परंतु ती दिली जाते कृपा म्हणून, आणि मिळेलच याची शाश्वती आदल्या रात्रीपर्यंत नसते.

वास्तविक ‘पोचले नाही’ हा प्रश्न कायद्याला नवा नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, स्वीकृतीचे पत्र पाठविणाऱ्याच्या हाताबाहेर जाऊन मार्गस्थ झाले की ती स्वीकृती प्रस्ताव करणाऱ्याला बांधून घेते. पत्र त्याच्या हाती केव्हा पडते याची वाट पाहिली जात नाही. १८९७च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाचे दहावे कलम सांगते की, मुदतीच्या शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर ती उघडेल त्या दिवशी केलेले काम वेळेत झाले असे धरावे. करार आणि सरकारी अर्ज एक नव्हेत, हे मान्य. तरीही बैलगाडीच्या काळातील कायदेकर्त्याला जे सुचले ते आजच्या संगणकतज्ज्ञाला का सुचू नये? बंद सर्व्हर ही बंद कचेरी नव्हे काय? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक मजकूर पाठविणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरला की ‘रवाना’ झाला, असे सामान्यतः धरले जाते. ज्याचा अर्ज पडद्यावरच गोल गोल फिरत राहिला, तो कचेरीच्या दारात उभा असूनही आलाच नाही असे ठरते.

उपाय फार मोठा नाही. नागरिक मुदतीत केंद्रावर आला आणि तार बंद होती, तर त्याला अनुक्रमांक घातलेली, तारीख व शिक्का असलेली पोच द्यावी. अर्ज त्यानंतर काही दिवसांनी चढला तरी पोचेवरची तारीख ग्राह्य धरावी. खोट्या पोची फाडल्या जातील, अशी शंका निघेल. ती निराधार नाही. पण पावतीपुस्तक आणि त्याची तपासणी हे काम आपल्या कचेऱ्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. ती केबल यथावकाश ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत येईल. तेथून पोडापर्यंतची पायवाट तरीही उरेल. पोचेच्या पुस्तकाला मात्र केबलची वाट पाहण्याचे कारण नाही. जन्म-मृत्यूची नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटात आहेच. तिच्या शेजारी ते येत्या हंगामाआधी ठेवता येईल.