गाडी देखणी, पण वळणावर पाय काढू नका!

ट्रायम्फ स्पिटफायर. साठच्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. रूप असं की बघणाऱ्याची मान वळावी. पण तिच्या मागच्या चाकांना एक खोड होती आणि ती जिवावर बेतू शकत होती. ही खोड मोडायला कंपनीला आठ वर्षं लागली. जुन्या गाडीवर जीव टाकणारे मालक आजही तोच इलाज करून घेतात.

रस्ता मोकळा आहे. गाडीचं छत उघडं आहे. चालक मजेत वळणात शिरतो. अर्ध्या वळणात त्याच्या लक्षात येतं की वळण वाटलं होतं त्यापेक्षा जास्त तीव्र आहे. अशा वेळी माणूस काय करतो? ॲक्सिलरेटरवरचा पाय चटकन उचलतो. घाबरलेल्या माणसाची ही अगदी स्वाभाविक हालचाल. बहुतेक गाड्या अशा वेळी त्याला सांभाळून घेतात. १९६२ ते १९७० या काळातली स्पिटफायर मात्र सांभाळून घेईलच असं नाही. तिचा मागचा भाग वर उचलला जातो, बाहेरच्या बाजूचं मागचं चाक पोटाखाली दुमडतं आणि काही कळायच्या आत शेपूट पुढे, तोंड मागे अशी गाडीची गत होते!

असं का व्हायचं, हे समजायला इंजिनीअर असण्याची गरज नाही. घरातली छत्री आठवली तरी पुरे.

छत्रीच्या काड्या

बैलगाडीची दोन्ही चाकं एकाच आसावर बसवलेली असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी कलते. पूर्वीच्या बहुतेक मोटारींची मागची चाकंही अशीच एका अखंड, जाडजूड ॲक्सलवर असत. रचना दणकट, पण प्रवास खडखडाटाचा.

यावर उपाय म्हणून ‘स्विंग ॲक्सल’ आला. ऑस्ट्रियन इंजिनीअर एडमंड रुम्पलर यांनी १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. कल्पना सोपी होती. मधला डिफरन्शिअलचा डबा गाडीला पक्का बांधायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक दांडा पंखासारखा वरखाली हलेल असा जोडायचा. दांड्याच्या टोकाला चाक. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याची खबर नाही. प्रवास मऊ आणि खर्चही बेताचा. फोक्सवॅगनची बीटल, पोर्शेची ३५६, मर्सिडीजची पंखासारख्या दारांची ३०० एसएल अशा नामांकित गाड्यांनी हीच पद्धत वापरली.

दोष होता तो दांड्याच्या टोकाला. चाक या दांड्याशी काटकोनात बसवलेलं असतं. दांडा तिरका झाला की चाकही तिरकं होतं. छत्रीची मूठ वर उचलली की काड्या खाली येतात, अगदी तसंच गाडीची मागची बाजू वर गेली की दोन्ही दांडे खाली झुकतात आणि चाकं तळाशी आत वळतात. भर वळणात बाहेरच्या टायरवर जोराचा रेटा येतो. तो रेटा दांड्यावाटे मधल्या सांध्याकडे जातो. सांधा जमिनीपासून बराच वर असल्यामुळे हा रेटा गाडीला वर उचलू लागतो. त्यातच पाय उचलला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागचा भाग आणखी हलका होतो. मग टायरची फक्त कड रस्त्याला टेकते, पकड एकदम सुटते आणि गाडी गिरकी घेते.

स्वस्तात मस्त

मुळात ही पद्धत स्पोर्ट्‌स कारसाठी निवडलीच नव्हती. ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनं १९५९ साली ‘हेरल्ड’ ही छोटी कौटुंबिक गाडी बाजारात आणली. तिच्यासाठी अखंड सांगाडा बनवून देणारा कारखाना तोवर प्रतिस्पर्धी बीएमसी कंपनीच्या ताब्यात गेला होता. म्हणून ट्रायम्फनं जुन्या पद्धतीची वेगळी चॅसी केली आणि तिच्यावर सुटे भाग बोल्टनं कसले. इटलीचे नामवंत रचनाकार जोव्हानी मिकेलोत्ती यांनी तिला रूप दिलं. मागच्या बाजूला स्विंग ॲक्सल आणि एकच आडवा पाटा, असं साधं सस्पेन्शन होतं. इकडून तिकडे लावलेला हा एकच पाटा दोन्ही चाकांचा भार पेलायचा.

हीच चॅसी आखूड करून तिच्यावर दोन माणसांची उघडी गाडी बसवावी, अशी कल्पना पुढे आली. नमुना तयारही झाला. पण कंपनीची तिजोरी रिकामी होती, त्यामुळे तो कारखान्याच्या एका कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. लेलँड कंपनीनं ट्रायम्फ विकत घेतल्यावर नव्या कारभाऱ्यांना पाहणीत तो दिसला आणि त्याचं नशीब उघडलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ही गाडी झळकली. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या लढाऊ विमानाचं ‘स्पिटफायर’ हे नाव तिला मिळालं. वजन जेमतेम सातशे किलो, इंजिन ११४७ सीसीचं आणि ताकद ६३ अश्वशक्तीची. तरुणाई भाळली नसती तरच नवल! १९६५ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत खास तयार केलेल्या स्पिटफायरनी आपल्या गटात पहिले दोन क्रमांक पटकावले.

मात्र शर्यतीतला कसलेला चालक वेगळा आणि रविवारी सहलीला निघालेला माणूस वेगळा.

अमेरिकेतला गदारोळ

ही खोड एकट्या स्पिटफायरची नव्हती. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हरले कॉर्वेअर गाडीलाही मागे स्विंग ॲक्सलच होता आणि वर इंजिनही मागेच! राल्फ नादर या तरुण वकिलानं १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्वेअरवर होतं. कंपनीनं नादर यांच्यामागे गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि १९६६ साली कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला.

गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुस्तक येण्याआधीच कंपनीनं १९६४ च्या कॉर्वेअरला मागे एक जादा आडवा पाटा बसवला होता आणि १९६५ च्या गाडीत स्विंग ॲक्सल पार काढून टाकला होता. पुढे १९७२ साली अमेरिकी सरकारच्या सुरक्षा यंत्रणेनं चाचण्या घेतल्या. १९६० ते १९६३ च्या कॉर्वेअर त्या काळातल्या तशाच इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हत्या, असा तिचा निष्कर्ष निघाला. थोडक्यात, दोष एका गाडीपेक्षा त्या पद्धतीत जास्त होता.

तराजूची युक्ती

ट्रायम्फनं या दोषावर दोन तोडगे काढले.

पहिला महागडा होता. सहा सिलिंडरचं दोन लिटरचं इंजिन बसवलेल्या ‘जीटी-६’ या स्पिटफायरच्या थोरल्या बहिणीला १९६८ साली मागच्या बाजूला खालून वेगळे आधार-दांडे दिले आणि ॲक्सलमध्ये ‘रोटोफ्लेक्स’ नावाची जाड रबरी कडी बसवली. त्यामुळे चाक वरखाली झालं तरी बरंचसं उभंच राहू लागलं. गाडी सुधारली, पण रबरी कडी झिजते आणि ती बदलणं म्हणजे मिस्त्रीच्या संयमाची परीक्षाच.

दुसरा तोडगा स्वस्त होता आणि डोकेबाज होता. जुन्या गाडीत पाट्याची सगळी पानं डिफरन्शिअलच्या डोक्यावर घट्ट आवळलेली असत. १९७० साली आलेल्या ‘मार्क फोर’ स्पिटफायरमध्ये फक्त सर्वांत खालचं पान पक्कं ठेवलं. वरची पानं एका पेटीत मधोमध अशी टेकवली की ती तराजूच्या दांडीसारखी डोलू शकतील. याला म्हणतात ‘स्विंग स्प्रिंग’.

यानं काय साधलं? दोन्ही चाकं एकदम उसळली तर पाटा पूर्वीसारखाच भार पेलतो. पण वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली की पाटा नुसता डोलतो, फारसा विरोध करत नाही. त्यामुळे बाहेरच्या मागच्या चाकावर एकदम पडणारा बोजा कमी होतो आणि गाडी वर उचलली जाण्याचा जोरही ओसरतो. कलण्याला आवर घालायचं काम मग पुढच्या बाजूकडे जातं. त्यासाठी पुढचा अँटी-रोल बार जास्त जाड दिला. १९७३ मध्ये मागचे दांडे थोडे लांब करून दोन चाकांमधलं अंतर वाढवलं, त्यानं आणखी फरक पडला. गंमत म्हणजे त्याच वर्षी जीटी-६ लाही महागडी व्यवस्था काढून हाच पाटा दिला गेला. ऑगस्ट १९८० मध्ये शेवटची स्पिटफायर बाहेर पडली, तोवर तीन लाखांवर गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

जुन्या गाडीला नवा पाटा

पहिल्या तीन आवृत्त्यांच्या मालकांना हीच सोय झाली. सगळा सांगाडा एकाच घराण्यातला, त्यामुळे पुढच्या गाडीचा पाटा मागच्या गाडीला बसवता येतो. काही जण मूळ पाटा ठेवून फक्त गाडीची मागची बाजू जरा खाली बसवतात, म्हणजे चाकं तळाशी बाहेर झुकलेली राहतात. काही जण डिफरन्शिअलच्या खालून एक जादा आडवा पाटा लावतात. तो चाकांना खाली दुमडू देत नाही. पण रोज वापरायच्या गाडीला स्विंग स्प्रिंगसारखा दुसरा उपाय नाही, असं मानणारे बरेच आहेत.

काम मात्र सबुरीचं आहे. आधी चॅसी तपासायची. गंजलेल्या सांगाड्याला नवा पाटा म्हणजे पडक्या भिंतीला रंग! मग गाडी भक्कम स्टँडवर घ्यायची, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. चाकं, शॉकॲब्सॉर्बर, ब्रेकचे पाइप सोडवायचे. ताणलेल्या पाट्यात मोठा जोर साठलेला असतो. तो भलत्या वेळी सुटला तर हात मोडू शकतो. पाट्याच्या मधल्या नटांपर्यंत पोहोचायला सीटमागचं पत्र्याचं झाकण उघडावं लागतं. चाकाजवळचे लांब बोल्ट वर्षानुवर्षं पाणी पिऊन जाम झालेले असतात. अर्धा दिवस तेच खातात.

त्यानंतरची पथ्यं तीन. एक, पुढचा जाड अँटी-रोल बार बसवल्याशिवाय काम पुरं समजू नये. नुसता मागचा पाटा बदलला तर गाडी वळणावर होडीसारखी कलंडते. दोन, रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार पडल्यावरच शेवटचे आवळायचे. अधांतरी आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तीन, मागच्या चाकांची दिशा नीट जुळवून घ्यायची आणि टायर चांगले घालायचे. जुने कडक टायर ठेवून सस्पेन्शनवर खर्च करण्यात काही अर्थ नाही.

आपली हेरल्ड

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटतं? मग ‘स्टँडर्ड हेरल्ड’ आठवा. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९६१ पासून भारतात बनवलेली ही गाडी म्हणजे स्पिटफायरची सख्खी नातलग. मागे तोच आडवा पाटा, तेच झुलते दांडे. घरची सगळी मंडळी आणि वर सामानसुमान भरून निघालेल्या हेरल्डची मागची चाकं तळाशी बाहेर फेंगडलेली दिसायची. मागची बाजू भारानं बसली की दांड्यांची टोकं वर जातात. छत्री उलटी झाल्यासारखंच हे! टायर मग आतल्या कडेनं झिजायचे.

भारतीय कंपनीनं यावर आपला उपाय शोधला. १९७२ साली आलेल्या ‘गॅझेल’मध्ये तिनं झुलते दांडे काढून सरळ अखंड ॲक्सल बसवला. जिथून सुटका करून घ्यायची होती, त्याच बैलगाडीच्या आसाकडे परत! आपल्या रस्त्यांना आणि आपल्या मिस्त्रींना तोच मानवला.

आज एखाद्या घरी आजोबांची हेरल्ड जपून ठेवलेली असेल आणि तिच्यात बदल करायचा विचार असेल, तर कायदाही बघायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत दिलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम आले. त्यात गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवलेला त्याहून बरा.

मूळ रूप राखायचं की सुरक्षितता वाढवायची, हा वाद जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये संपणारा नाही. गाडी फक्त मिरवणुकीपुरती आणि चालवणारा तिची खोड ओळखणारा असेल, तर जुना पाटाही चालून जातो. पण उद्या किल्ली मुलाच्या किंवा मुलीच्या हाती जाणार असेल तर? आजच्या गाड्यांवर शिकलेल्या त्या पोराला पाय उचलला की गाडी सावरते एवढंच ठाऊक असतं. त्याच्यासाठी पाटा बदलणं हा शौक नाही, ती जबाबदारी आहे.

आणि पाटा बदलेपर्यंत एक इलाज बिनपैशाचा आहे. किल्ली हातात देताना तो सांगायचा आणि दोनदा सांगायचा... वेग वळणाच्या आधी कमी कर. एकदा वळणात शिरलास की पाय हलकाच पण ॲक्सिलरेटरवर ठेव. घाबरून उचलू नकोस.